खूण अंगाकडे

रेवा आणि ईशान,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर रेवाने मला विचारलं, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, "प्लास्टिक." रेवाचा चेहरा असा झाला, की समुद्रात कचरा टाकायची सरकारी नोकरीच मी केली असावी. मागून ईशान ओरडला, "आजी, प्लास्टिक इज बॅड!" तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला. माझं उत्तर तसंच राहिलं.

इथल्या, चेन्नईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात, आणि मला फक्त अहवाल लिहिता येतात असं सांगून मी सुटका करून घेते. ते खोटंही नाही. विज्ञान सगळं इंग्रजीतून शिकले, नोकरीभर लिहिलं तेही इंग्रजीतच. या वेळी मात्र वाटलं की तुमचं राहिलेलं उत्तरच संपादकबाईंना देऊन टाकावं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं बरंचसं माहीत नाही. ती तेव्हा कॉलेजात होती आणि माझ्या कामापेक्षा माझा डबा तिच्या जास्त ओळखीचा होता.

आणखी एक कारण आहे. गेल्या आठवड्यात मी जुन्या प्रयोगशाळेत गेले होते. तिथे एका नव्या मुलीला एक अगदी छोटी गोष्ट करताना पाहिलं आणि घरी येऊन लिहायला बसले. ती गोष्ट कोणती हे शेवटी सांगेन. मला क्रमाने सांगायची सवय आहे.

तर प्लास्टिक. आम्ही त्याला पॉलिमर म्हणतो. लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू, शिजवलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले. एका पॉलिमरमध्ये एक गुण असतो, दुसऱ्यात दुसरा. एक मऊ पण लेचापेचा, एक टणक पण ठिसूळ. साहजिकच कुणालाही वाटेल की दोन्ही एकत्र करावेत आणि दोघांचे गुण घ्यावेत. पण बहुतेक पॉलिमर एकमेकांत मिसळत नाहीत. पातेल्यात ढवळलं की मिसळल्यासारखे दिसतात. काचेवर पसरून वाळवलं की आपापले कोपरे धरून बसतात. मिसळलेली फिल्म काचेसारखी स्वच्छ दिसते, न मिसळलेली दुधाळ. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं फिल्म खिडकीपाशी धरून ती स्वच्छ आहे की दुधाळ हे बघण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

किती भाग हा आणि किती भाग तो, हे प्रमाण शोधायला आधी आम्ही एकेक फिल्म वेगळी बनवायचो. मग आमच्याकडे एक नवी पद्धत आली. दोन बरण्या, दोन पंप. एका बरणीत पहिल्या पॉलिमरचा पातळ रस, दुसरीत दुसऱ्याचा. सुरुवातीला फक्त पहिला पंप चालतो. मग त्याचा वेग हळूहळू कमी होतो आणि दुसऱ्याचा वाढत जातो. जे काही बाहेर पडतं ते लांब काचेवर पातीने पसरत न्यायचं. पट्टी वाळली की तिच्या एका टोकाला निव्वळ पहिला, दुसऱ्या टोकाला निव्वळ दुसरा, आणि मधे सगळी प्रमाणं ओळीने. कुठेही रेघ नाही. एका पट्टीत सगळे प्रयोग.

या पट्टीचं सगळ्यात जास्त प्रेम कोयंबेडूच्या बाजारातल्या एका फुलांच्या व्यापाऱ्याला होतं. त्याला मोगऱ्याच्या कळ्या लांब पाठवायच्या होत्या. त्यासाठी असा प्लास्टिकचा कागद हवा होता, की कळीला श्वास घेता येईल पण ती सुकणार नाही. आम्ही पट्टी दुमडून तिचे ओळीने छोटे खिसे केले, प्रत्येक खिशात सारख्याच कळ्या भरल्या आणि ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी एका टोकाच्या कळ्या तपकिरी, दुसऱ्या टोकाच्या कोमेजलेल्या, आणि मधे कुठेतरी एका खिशात आत्ताच तोडल्यासारख्या. व्यापारी हात मागे बांधून ओळीतून फिरला, प्रत्येक खिसा हुंगला, मान डोलावली. मग विचारलं, "प्रयोग झाला ना मॅडम? मग ही फुलं का टाकायची?" आणि आमची पट्टीवरची नोंद पुरी व्हायच्या आत त्याने चांगल्या कळ्या ओवायला घेतल्या. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बायकांच्या केसांत आमचे आकडे होते. माझी सहकारी वसंता पट्टीवरचं काम बघायची. तिला मधल्या खिशातला गजरा मिळाला, आणि मी हुद्द्याने मोठी असून मला जरा तपकिरीकडचा. ती म्हणाली, "मॅडम, पट्टी कोणी पसरली?"

पण मला तुम्हाला सांगायचंय ते सगुणाबाईंबद्दल.

सगुणाबाई माझे ब्लाऊज शिवायच्या. एग्मोरच्या एका बोळात त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक कपाट, एक आरसा आणि गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. त्यांच्या घरात शिवणकाम कितीतरी पिढ्यांचं. त्यांचे पूर्वज केव्हा तरी महाराष्ट्रातून तंजावरकडे आले आणि तिथून चेन्नईला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तमिळमधून चाचरत माप सांगायला लागले. त्यांनी टेप माझ्या खांद्यावर धरूनच विचारलं, "तुम्ही मराठी नव्हें का अक्का? मग इतका त्रास कशाला घेतां?" त्यांची मराठी मला आजीच्या पोथीतली वाटायची. 'झालं'ला त्या 'जालं' म्हणत, 'सांगितलं'ला 'सांगिटलं', आणि मधेच तमिळ शब्द असा यायचा की कुठून आला ते कळायचंच नाही. माझी मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. "फार कडक बोलतां तुम्ही," असं त्या म्हणत.

एका पावसाळ्यानंतर मी ब्लाऊजपीस घेऊन गेले तर दुकान बंद. शेजारच्या कॉफीवाल्याने सांगितलं, पाण्याच्या टँकरने धडक दिली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

काही महिन्यांनी कृत्रिम पाय मिळाला. तो बसवणाऱ्या केंद्रातला सेल्वम नावाचा फिटर आमच्या प्रयोगशाळेत अधूनमधून नमुने मागायला यायचा, म्हणून मला सगळं कळत गेलं. चालायला सगुणाबाई लवकर शिकल्या. अडचण मशीनची होती. पायमशीन चालवायचं म्हणजे दिवसभर गुडघा थोडा वाकवायचा, थोडा सरळ करायचा. पायाचा उरलेला भाग एका कडक कपासारख्या सॉकेटमध्ये बसतो, आणि दोघांच्या मधे लायनर असतो, म्हणजे जाड मऊ मोजाच. त्यांचा लायनर दोन थरांचा होता: आत मऊ, बाहेर टणक, मधे चिकटवलेला. चालताना तो ठीक राहायचा. मशीनवर बसलं की त्या दोन थरांचा सांधा सुटायचा, आतल्या थराला सुरकुती पडायची आणि ती सुरकुती दिवसभर कातडीवर घासायची.

मी म्हटलं, "मशीनला मोटार लावून घ्या ना."

"मोटार माझ्या हाताच्या पुढें पळती अक्का," त्या म्हणाल्या. "गळ्याचा गोल कसा करायचा? पाय थांबला तर सुई थांबली पाहिजे. मोटार कोण्हाचं ऐकती?"

त्यांची मुलगी भामा होसूरला राहायची, एका कारखान्यात कामाला. तिचं म्हणणं साधं होतं: आईने दुकान बंद करावं आणि तिच्याकडे यावं. पोंगलपर्यंत जखमा भरल्या आणि मशीन चालवता आलं तर ठीक, नाहीतर मशीन विकून होसूर. सगुणाबाईंनी ते मान्य केलं होतं. मला हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी आधी ऐकलंच नाही. मग घरी येताना बसमध्ये ऐकू आलं.

आता हे वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्याकडे अशी फिल्म होती जिच्यात सांधाच नसतो. पट्टीवर जे आम्ही लांबीत करायचो ते जाडीत करायचं. काचेवर आधी टणक मिश्रणाचा पातळ थर, तो पुरता वाळायच्या आत त्यावर किंचित मऊ, मग आणखी मऊ. प्रत्येक थर खालच्या ओल्या थरात थोडा विरघळतो आणि दोघांमधली सीमा नाहीशी होते. वाळल्यावर जी जाड चादर निघते ती एका बाजूला टणक, दुसऱ्या बाजूला मऊ, आणि सुटायला मधे काही नाहीच. परवानग्या लागल्या, त्या मी मिळवल्या. आमचे संचालक भले होते. त्यांनी एवढंच विचारलं की त्या बाईंना हे प्रयोगाचं आहे हे नीट सांगितलंय का. सांगितलं होतं.

चादरीचा नमुना घेऊन मी एग्मोरला गेले. सगुणाबाईंनी तो चिमटीत धरला, ताणला, कडेने बघितलं.

"शिवण कोठें आहे?"

"शिवण नाही. टणक हळूहळू मऊ होत जातं."

"शिवण नाही तर धरतं कसं?"

मी पुन्हा समजावलं. त्यांनी कपाटातून गिऱ्हाइकाची एक साडी काढली. काठाशी गडद निळी, वर जाता जाता आकाशी, पदराशी जवळजवळ पांढरी. "असं?"

"अगदी असं."

"मग इतकं इंग्लिश कशाला बोललां?" त्या हसल्या. मी एकही इंग्रजी शब्द वापरला नव्हता. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते मला कळलं.

वसंताने चादर बनवली. तिने माझ्यापेक्षा जास्त मन लावलं, कारण तिच्या आईचेही ब्लाऊज सगुणाबाईच शिवायच्या आणि आई त्यांना तमिळमधून "आमची टेलरअम्मा" म्हणायची. चादर वाळली की दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. बोटाने दाबून ओळखता येतात, पण पावडर लावल्यावर तेही अवघड. म्हणून आमच्याकडे रीत होती: काचेकडच्या टणक बाजूवर मार्करने एक काळा ठिपका. मऊ बाजूवर शाई पसरते, टणक बाजूवर टिकते, म्हणून तिथेच. प्रयोगशाळेतल्या झाडूवालीलासुद्धा माहीत होतं की ठिपका म्हणजे टणक. इतकं माहीत होतं, की ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

खरं तर चादर कापून सॉकेटच्या आकाराची करायचं काम सेल्वमचं. आम्ही एक तुकडा कापून आधी सगुणाबाईंना दाखवला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

"हें कोण कापलं? उंदीर का?"

"मीच कापलं," मी म्हटलं.

"तुम्ही शिकलेल्या आहांत अक्का. कात्री तुमच्याकडे देऊं नये." आणि त्यांनी सगळी चादर ठेवून घेतली. म्हणाल्या, माझ्या पायाचा आहे, मीच शिवेन. आतून बनियनच्या कापडाचं अस्तरही लावेन, म्हणजे घाम टिपेल. सेल्वमला आनंदच झाला, त्याचं काम वाचलं. मी निघून आल्यावर, शिवायला बसताना सगुणाबाईंनी वसंताला फोन लावला आणि विचारलं, कुठली बाजू आत घालायची. वसंता पंपापाशी होती, हात भरलेले, फोन कानाशी खांद्याने दाबलेला. ती म्हणाली, "खूण आहे बघा, खूण बघून लावा." सगुणाबाई "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या. दोघींनाही एकमेकींचं म्हणणं पुरतं समजलं होतं.

लायनर इतका सुबक झाला की सेल्वमने केंद्रातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. पांढऱ्या अस्तरात, बारीक टाक्यांचा, गुडघ्यामागे नेमका खोलगट कापलेला. मी पहिल्या आठवड्यात फोन केला. "परवाल्ले अक्का, बरं आहे," त्या म्हणाल्या. परवाल्ले म्हणजे असू दे, चालतंय. दुसऱ्या वेळी पुन्हा परवाल्ले. तिसऱ्या वेळी फोन उचललाच नाही. इतकी वर्षं इथे राहून मला हे कळायला हवं होतं, की इथे ज्या माणसाला खूप दुखतंय तोच दोनदा परवाल्ले म्हणतो.

मग भामाचा फोन आला. ती माझ्याशी इंग्रजीतून बोलायची. त्या दिवशी मराठीतून बोलली, आईची मराठी, थोडी अडखळत. "आंटी, अम्मानं पाय काढून ठेवला आहे. जखम पहिल्यापेक्षां मोठी जाली. तुम्हाला सांगूं नको म्हणून सांगिटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मी मशीन विकायला सांगिटलं आहे. रविवारी माणूस येतो."

मी आणि वसंताने त्याच चादरीचा राखून ठेवलेला तुकडा काढला. ताणला, दाबला, यंत्रावर हजारो वेळा वाकवला. काहीही सुटलं नाही. सुरकुती नाही, भेग नाही. वसंता म्हणाली, "मॅडम, फिल्ममध्ये दोष नाही." मला त्याने बरं वाटायला हवं होतं. फिल्म निर्दोष आणि बाई जखमी, हे एकत्र कसं बसतं ते मला समजेना. मनात आलं की आपण बनवलेल्या, कागदावर सुंदर दिसणाऱ्या गोष्टीने एका माणसाचं दुकान घालवलं.

शनिवारी मी एग्मोरला गेले. जाताना एक ब्लाऊजपीस बरोबर घेतलं. रिकाम्या हाताने गेले असते तर ते बघायला जाणं झालं असतं, आणि सगुणाबाईंना बघायला आलेली माणसं आवडत नसत.

मशीनला तेल दिलं होतं. पट्टा काढून गुंडाळून ठेवला होता, आणि मशीनवर जुनं कापड टाकलेलं. सगुणाबाई खाली बसून कुणाच्या तरी परकराला हाताने टीप घालत होत्या. कृत्रिम पाय भिंतीशी टेकवलेला, त्याच्या बोटांवर मोजपट्टी ठेवलेली. भामा कपाटातलं सामान खोक्यात भरत होती. तिने मला बघितलं आणि पुन्हा खोक्यात डोकं घातलं.

"या अक्का. कॉफी?"

"नको. ब्लाऊज शिवायचा होता."

"अम्मा आता नवीन काम घेत नाही," भामा म्हणाली.

"तू गप," सगुणाबाई म्हणाल्या. "अक्काचा हा शेवटचा. हातानं शिवतें." त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं, झटकलं, दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवला, एक बाजू वर करून जमिनीवर पसरलं, आणि खडूने खुणा करायला लागल्या. खांदा, गळा, टक्स. मी बघत होते, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "उलट्या बाजूवर खुणा करता तुम्ही?"

"मग काय सुलटीवर? बाहेर खूण दाखवत फिरणार का तुम्ही?" त्या वर न बघता म्हणाल्या. "खूण नेहमीं अंगाकडे. आजोबांनी सांगिटलं होतं पहिल्या दिवशीं. जिथें खूण आहे ती बाजू अंगाला लागती."

माझी नजर खडूच्या खुणांवरून भिंतीशी टेकवलेल्या पायाकडे गेली. मग विचारलं, "सगुणाबाई, लायनर कुठे आहे?"

"असूं द्या अक्का. जालं तें जालं. तुमची चूक नाहीं."

"मला फक्त बघायचाय."

भामाने तो खोक्यातून काढून दिला. मी कात्री मागितली. माझ्या हातात कात्री बघून सगुणाबाईंनी ती काढून घेतली, आणि काय करायचं ते विचारलं. मी म्हटलं, आतल्या बाजूचं अस्तर उसवा. त्यांनी कात्रीच्या टोकाने स्वतःचेच टाके एकेक उचलले. अस्तर बाजूला झालं. त्यांच्या कातडीला लागणाऱ्या बाजूवर, अगदी मधोमध, वसंताचा काळा ठिपका होता.

"ठिपका आमच्याकडे टणक बाजूवर असतो," मी म्हटलं. "ती बाहेर, सॉकेटकडे जायला हवी होती."

सगुणाबाईंनी लायनर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, दोन्ही बाजू गालाला लावून बघितल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"म्हणजे इतके दिवस मी ब्लाऊज उलटा घालून बसलें होतें म्हणा की!"

"हसतेस काय अम्मा?" भामा ओरडली. "पायाला भोक पडलं आहे! एकीनं सांगिटलं नाही, एकीनं विचारलं नाही..."

"विचारलं की. वसंता खूण बघून लावा म्हणाली. मी खूण बघूनच लावलें."

"तिची खूण वेगळी, तुझी वेगळी!"

"तें मला काय माहीत? तिला काय माहीत?"

भामा खोक्यावर बसली आणि मग तिलाही हसू आवरेना. ती एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. मी वसंताला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून आधी फक्त "अय्यो" ऐकू आलं. नंतर ती म्हणाली, "मॅडम, टेलरअम्माला फोन द्या." त्या दोघी तमिळमधून काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम कॉफीवाल्याकडे गेले.

रविवारी मशीनवाला माणूस आला आणि परत गेला. पोंगलही आला आणि गेला. भामाने मुदतीचा विषय काढला नाही. जखम भरायला वेळ लागला, आणि तो डॉक्टरांनी सांगितला तितकाच लागला. मग सगुणाबाईंनी लायनर उलटून पुन्हा शिवला, सेल्वमने सॉकेट थोडं घासून दिलं. पहिल्यांदा मशीनवर बसल्या तेव्हा मी तिथे होते. भामा खास होसूरहून आली होती. सगुणाबाईंनी पट्टा चढवला, बॉबिन भरली, चाक हाताने अर्धं फिरवलं आणि पाय टेकला. आधी अडखळत, मग एकसारखा आवाज. त्यांनी माझं ब्लाऊजपीस सुईखाली घेतलं. त्यांनी ते हाताने शिवलंच नव्हतं, ठेवून दिलं होतं. गळ्याच्या गोलापाशी त्यांचा पाय थांबला, सुई थांबली. कापड वळवलं. पाय चालू, सुई चालू. भामा स्टुलावर बसून आईच्या गुडघ्याकडे बघत होती, मशीनकडे नाही. संध्याकाळी लायनर काढला तेव्हा कातडी लाल होती, फुटलेली नव्हती. भामाने खोक्यातलं सामान कपाटात परत लावलं.

ईशान, रेवा, तुम्हाला वाटेल की यानंतर आमची फिल्म जगभर गेली असेल. गेली नाही. बनवायला फार हळू, दर पायासाठी वेगळी. काही वर्षांनी बाजारात चांगले सिलिकोनचे लायनर आले, आणि सगुणाबाई आता तेच वापरतात. त्यांनी मला ते सांगताना दहा वेळा क्षमा मागितल्यासारखं केलं. मी म्हटलं, परवाल्ले. आमचा प्रकल्प बंद झाला. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही. आणखी थोडी वर्षं मिळायला हवी होती, दुसऱ्या कुणाच्या पायासाठी, जिथे तयार लायनर बसत नाही.

रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की होय, मी प्लास्टिक बनवायचे. जे फेकून देतात ते वाईट, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. मी बनवलेल्यातलं थोडं फेकलं गेलं, थोडं फुलांनी भरलं, आणि थोडं एका बाईने स्वतःच्या हाताने दोनदा शिवलं.

आता ती छोटी गोष्ट. त्या प्रसंगानंतर वसंताने ठिपका बंद केला. माणसाच्या अंगाला लागणार असेल त्या चादरीवर खूण अंगाकडच्या बाजूलाच हवी, असं तिने ठरवलं. पण मऊ बाजूवर शाई पसरते. म्हणून ती शेवटचा थर ओला असतानाच त्यात लाल दोऱ्याचा एक छोटा तुकडा टाकायची. तो थरात बुडतो, टोचत नाही, दिसत मात्र राहतो. पहिलं रीळ सगुणाबाईंनी दिलं होतं.

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा वसंताही निवृत्त झालेली होती. दोन बरण्यांचं जुनं यंत्र भंगारात गेलंय. त्या जागी एक नवी मुलगी, तांबरमहून येणारी, जखमेवर लावायच्या कसल्याशा फिल्मवर काम करत होती. तिने शेवटचा थर पसरला आणि चिमट्याने लाल दोऱ्याचा तुकडा उचलून ओल्या थरावर ठेवला. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "इथे असंच करतात मॅडम. धागा अंगाकडे." का, ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. ती घाईत होती.

सगुणाबाईंचं दुकान एग्मोरच्या त्याच बोळात आहे, आणि मशीन अजून पायाचंच आहे. प्रयोगशाळेत लाल धागा अजून टाकतात, अंगाकडच्या बाजूला.

तुमची आजी